शेपूट भोकरदनला आहे

भिंगरी आत्याला आमच्या घरात खुर्चीवर बसलेली मी कधी पाहिलीच नाही. ती परतूरहून आगगाडीनं जालन्याला यायची, दारात एक चप्पल काढायची, दुसरीचा पट्टा नुसता सैल करायची आणि ओट्याला टेकून उभ्यानं चहा प्यायची. आई म्हणायची, "आक्का, बसा की घडीभर." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "बसू की मेल्यावर. गाडी जाईल माझी." गाडीला खरं तर भरपूर वेळ असायचा. तो वेळ ती आमच्या फळीवरचे डबे पुसण्यात आणि आईला वैताग आणण्यात घालवायची.

कागदोपत्री तिचं नाव शांताबाई. आजोबांनी ते कोणत्या आशेनं ठेवलं होतं कोण जाणे. ती माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची, मोठी बहीण. या दोघांहून मोठे ते मोठे बाबा, भोकरदनचे. एक भाऊ भोकरदनला, एक जुन्या जालन्यात आणि मधली बहीण परतूरला, आणि या तिन्ही गावांच्या मध्ये कायम कुठल्या तरी फलाटावर किंवा स्टँडवर उभी असलेली आत्या. तिच्या खांद्याला जुन्या पडद्याची शिवलेली पिशवी असे. त्या पिशवीत गोष्टीची पुस्तकं असत. पुस्तकं म्हणजे अख्खी नव्हेत, तुकडे. हे जरा समजावून सांगावं लागेल, कारण बाहेरच्या कुणालाही ते एका झटक्यात पटत नाही. माझ्या नवऱ्याला तर लग्नाला इतकी वर्षं झाली तरी पटलेलं नाही.

आजोबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची फाटकी क्रमिक पुस्तकं घरी आणून ते दाभणानं शिवत, खळ लावून त्यांना पुठ्ठे चिकटवत. एकदा त्यांनी मुलांसाठी गोष्टीचं एक पुस्तक आणलं. वाचणारी तोंडं तीन, पुस्तक एक. मोठे बाबा आणि आत्या यांच्या ओढाताणीत त्याचं मलपृष्ठ निघून आत्याच्या हातात आलं. आजोबांनी कुणाला मारलं नाही. त्यांनी शांतपणे पुस्तकाची शिवण उसवली, पानांचे तीन गठ्ठे केले, तिन्ही वेगवेगळे शिवले आणि प्रत्येकाला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं. पहिला भाग थोरल्याला, मधला आत्याला, शेवटचा दादांना. वाचून झालं की बदलायचं. त्या दिवसापासून आमच्या घरात पुस्तकाला डोकं, पोट आणि शेपूट असं सगळं आलं.

दादा धाकटे म्हणून त्यांच्या वाट्याला दर वेळी शेपूट. म्हणजे आमच्या दादांनी लहानपणी प्रत्येक गोष्टीचा शेवट आधी वाचला आणि सुरुवात मागाहून. माणूस पुढेही तसाच राहिला. भांडणात ते निकाल आधी देतात आणि त्यामागचं कारण मागाहून सवडीनं शोधतात. याचा आम्हाला पुढे फार त्रास झाला, ते येईलच.

लग्न होऊन परतूरला गेल्यावर आत्यानं ही रीत सोडायची, तर उलट वाढवली. आम्ही पुढची पोरं वाचती झाल्यावर ती नवी पुस्तकं घ्यायची आणि दुकानाच्या पायरीवरच उभी राहून केसातल्या आकड्यानं त्यांच्या पिना काढायची. दुकानदार आतून हळहळत बघत असे. मग डोकं एका घरी, पोट दुसऱ्या घरी, शेपूट तिसऱ्या घरी. महिना-दीड महिन्यानं ती यायची आणि भाग फिरवायची. तुमचं वाचून झालं आहे की नाही हे ती विचारत नसे. हातातलं काढून घ्यायची. "बराबर वाचलं असतं तर झालं असतं एव्हाना," म्हणायची.

यात चुका व्हायच्याच. आजोबांच्या वेळची दोन पुस्तकं होती, एक उंटाचं आणि एक बेटाचं. दोन्हींना एकाच कॅलेंडरचं कव्हर होतं. एकदा उंटाच्या पोटानंतर माझ्याकडे बेटाचं शेपूट आलं. वाळवंटात काफिल्यापासून चुकलेला म्हातारा उंट पोटाच्या शेवटी कोरड्या विहिरीत पडतो. पुढचं पान उघडलं तर होडी, वल्ही आणि समुद्र. मी काहीही शंका न घेता वाचलं. उंट विहिरीतून निघून होडीत बसला, असं मी वर्गात उभं राहून सांगितलं आणि बाईंनी माझ्या पालकांना बोलावलं. आत्याला हे कळलं तेव्हा ती ओट्याला टेकून चहा पीत होती. हसून हसून तिला ठसका लागला. "बरं झालं ना पोरी," ती म्हणाली, "बिचाऱ्यानं समुद्र तरी पाह्यला."

मला या सगळ्या प्रकाराचा राग यायचा. खोटं कशाला बोलू? मैत्रिणींच्या घरी पुस्तकं अख्खी असत, कपाटात ओळीनं उभी. आमच्याकडे गोष्ट ऐन रंगात यायची आणि पान संपायचं. पुढचं भोकरदनला मोठ्या बाबांच्या संजूकडे. संजू एक नंबरचा बिलंदर, फोन करून मुद्दाम खोटे शेवट सांगायचा. दिवाळीत भेटल्यावर आम्ही एकमेकांना कसा आहेस वगैरे विचारत नसू. शेपूट आणलं का, हेच आधी. एकदा मी आत्याला धरलंच.

"आत्या, तू तीन पुस्तकं का घेत न्हाईस? तीन घरं, तीन पुस्तकं."

"येवढा खर्चा?"

"पुस्तकाला कितीक लागतात?"

"आन मंग मी इथं कशाला येऊ? तुझ्या आईचा चहा प्यायला?" असं म्हणून तिनं दुसऱ्या चपलेचा पट्टा आवळला आणि निघून गेली. आई दिवसभर चहाच्या त्या बोलण्यावरून धुसफुसत होती.

संजूच्या लग्नात सगळं बिनसलं. पत्रिका जालन्यात छापायच्या होत्या. मोठ्या बाबांनी नावं सांगायचं काम आत्याकडे दिलं, कारण नात्यातलं प्रत्येक माणूस तिला तोंडपाठ. तिनं ती नावं फलाटावरून, गाडी पकडता पकडता, फोनवर छापखान्यात सांगितली. निमंत्रकांत चुलत, मावस, सगळे आले. औरंगाबादच्या कधी न भेटलेल्या एका मामांचंही आलं. फक्त सख्ख्या काकांचं, माझ्या दादांचं, राहिलं. मोठ्या बाबांनी पत्रिका न वाचताच वाटल्या. माझं सासरही जालन्यातच, त्यामुळे माहेरी माझी रोजची ये-जा होती. आमची पत्रिका आली तेव्हा दादांनी ती दोनदा वाचली, घडी घालून वर्तमानपत्राखाली ठेवली आणि निकाल दिला. "त्यानं मला काढलं. विषय संपला."

आत्या दुसऱ्याच दिवशी आली. दोन्ही चपला काढून आत आली, तेव्हाच मला कळलं की प्रकरण साधं नाही. "माझ्यानं सुटलं रे," ती दादांना म्हणाली. "सगळ्यांची सांगितली आन तुझंच सुटलं. गाडी आल्ती. घरच्या माणसाचं नाव काय सांगायचं, असं झालं असंल मनात."

दादांनी चष्मा पुसला. "थोरल्याला वाचवायला खोटं बोलून राह्यली तू."

"मी खोटं बोलते?"

"रोजच बोलती. गाडी जाईल, गाडी जाईल. कधी गेली का तुझी गाडी?"

तिनं दोन्ही चपला घातल्या. नंतर जिन्यात ती मला म्हणाली, "बघ, जन्मभर गाडीचं खोटं बोलले, ते आता भोवलं." मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण ती जिन्यात कठड्याला धरून उभी होती आणि तिला खाली उतरायची घाई नव्हती. तिला कुठेही जायची घाई नसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दादा लग्नाला गेले नाहीत. मोठ्या बाबांना तेही लागलं. छापखान्याची चूक होते, बहिणीची होते, पण सख्खा भाऊ पुतण्याच्या लग्नाला येत नाही म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. माझी सई तेव्हा बालवाडीत होती. ती चौथीत गेली तरी भोकरदन आणि जालना एकमेकांशी बोलत नव्हते. मध्ये माझी आई वारली. तेव्हा मोठे बाबा आले, बुद्धविहारात वंदनेला मागच्या ओळीत बसले आणि तिथूनच परत गेले. त्यानंतर दादा माझ्याकडेच राहायला आले. त्यांच्यासमोर भोकरदनचं नाव काढलं की ते पंख्याचा वेग वाढवत.

फिरत राहिली ती एकटी आत्या. पूर्वी महिन्यानं येणारी आता पंधरवड्यानं येऊ लागली. आमच्याकडची डोकी तिकडे नेई, तिकडची शेपटं इकडे आणी. त्यातलंच ते उंटाचं पुस्तक सईकडे आलं. मधल्या पानावरच्या व्यापाऱ्याला संजूनं लहानपणी काढलेली दाढी तशीच होती. ते आता कुठल्याच दुकानात मिळत नाही, माझ्या नवऱ्यानं शोधून पाहिलं आहे. आत्या सईला पोट देताना दादांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "हे तुझ्या मोठ्या आजोबांनी पाठवलं." त्यांनी पाठवलेलं नसायचं. पुन्हा खोटंच.

मग एके दिवशी परतूरला गाडी पुरती थांबायच्या आत ती उतरायला गेली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पुन्हा चालणं अवघड आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही भेटायला गेलो. ती खाटेवर होती आणि चादरीखाली तिची पावलं हलत होती, एकसारखी, आमच्याशी बोलत असतानासुद्धा. मला तिकडे बघवेना. मी उगाच पाणी आणायला आत गेले.

सईला या कशाचं काही नव्हतं. तिनं आत्याच्या उशाशी उभं राहून सरळ विचारलं, "उंट विहिरीत पडला. शेपूट कुठंय?"

"शेपूट भोकरदनला आहे."

"मंग कधी आणशील?"

"मी?" आत्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "माझं आता झालं बाई. तुझ्या आजोबाला सांग. त्याचे पाय चांगले ठणठणीत हायत."

दादा खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर काही नव्हतं.

पुढचे दिवस आमच्या घरात कुणालाच चैन पडेना. सई सकाळी दूध पिताना विचारायची, शाळेतून आल्यावर विचारायची. मी काय सांगणार, उंटाचं खरं शेपूट माझ्या हाती कधी आलंच नव्हतं. मी संजूला फोन केला, म्हटलं त्या पानांचे फोटो काढून पाठव. संजू म्हणाला, "ताई, कवाच पाठवले असते. बाबांनी शेपूट कपाटात कुलूप लावून ठेवलंय. म्हणतात, फोटोबिटो बिलकुल न्हाई. ज्याला पाहिजे त्यानं घरी यावं." म्हणजे तिकडेही तेच रक्त.

शेवटी दादांनी स्वतःच सईला गोष्ट सांगायला घेतली. शेपूट त्यांचंच होतं ना लहानपणी. "मंग उंट आपल्या काफिल्यात परत गेला आन सगळ्यांनी त्याला गूळ दिला."

"पण विहिरीतून बाहेर कसा आला?"

"ते पोटात असंल."

"पोटात न्हाई, आजोबा. पोट माझ्याजवळ आहे."

दादा आठवत राहिले. त्यांना आठवेना. दिवसभर एका खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसणारा माणूस, पण त्या आठवड्यात ते गच्चीत येरझारा घालू लागले. जेवताना मध्येच थांबून म्हणायचे, "दोर होता बहुतेक." मग म्हणायचे, "न्हाई. दोर दुसऱ्या गोष्टीत." मला त्यांची चीड येत होती आणि दयाही येत होती. एका नावासाठी एवढी वर्षं घालवली आणि आता एका उंटासाठी झोप उडाली होती.

एका रविवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले. "भोकरदनची गाडी केव्हा हाये?" त्यांनी मला विचारलं, जणू मी एसटीत नोकरीला आहे. मी पोळ्या तव्यावर टाकायच्या सोडून सईला घेऊन त्यांच्याबरोबर निघाले. एसटीत, वाटेतलं राजूर मागे पडेपर्यंत, दादा हातातल्या तिकिटाची घडी घालत आणि मोडत होते. मी सारखी त्यांच्याकडे बघत होते. हे मधल्याच फाट्यावर उतरून परत निघाले तर काय करायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

मोठ्या बाबांनीच दार उघडलं. दोघे म्हातारे उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे उभे. सई दोघांच्या मधून आत घुसली आणि म्हणाली, "शेपूट द्या."

मोठे बाबा आत गेले. कुलूप निघाल्याचा आवाज आला. बाहेर येऊन ते बाजेवर बसले आणि सईला म्हणाले, "ये, मी वाचून दाखवतो." दादांना बस म्हणाले नाहीत. दादा दाराशीच उभे राहिले. गोष्ट पुढे गेली. उंट विहिरीतून हाका मारतो, आणि वाटेत त्यानं ज्यांना ज्यांना रस्ता विचारलेला असतो ते सगळे एकेक करून येतात.

"मंग चौघांनी मिळून दोर सोडला," मोठे बाबा वाचत होते.

"चौघं न्हाई," दादा दारातून म्हणाले. "पाच. म्हातारी राह्यली."

मोठ्या बाबांनी पान डोळ्यांजवळ धरलं. "हां. म्हातारी हाये खाली. चष्मा न्हाई माझा."

"मंग माझा घे." दादा आत आले, चष्मा दिला आणि बाजेच्या कडेला बसले. गोष्ट संपली. सई ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला अंगणात घेऊन गेली. मग दादा म्हणाले, "पत्रिकेत नाव आक्कानं सोडलं म्हणती."

"तिनंच सोडलं रे. मला बी मागून कळलं."

"मला वाटलं, खोटं बोलून राह्यली."

"तू यायचं व्हतंस पण."

"हां," दादा म्हणाले. "यायचं व्हतं." आणि ते रडले. मोठ्या बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं संजूच्या बायकोला चहा टाकायची खूण केली.

मी परतूरला फोन लावून फोन त्यांच्याकडे दिला. आत्याला मनातून फार आनंद झाला असणार, पण ती तो दाखवेल तर ती आत्या कसली? पलीकडून तिचा आवाज खोलीभर ऐकू आला. "दोघं बी तिथंच हाव ना? मंग ऐका. शेपूट आता जालन्याला न्या. जालन्यात बेटाचं डोकं पडलंय किती दिवसांचं, ते भोकरदनला आणा. जल्दी करा, बसून राहू नका."

त्या हिवाळ्यात ती गेली. मधल्या काळात दोघे भाऊ मिळून तिच्याकडे जाऊन येत आणि तिच्या खाटेजवळ बसून तिच्या शिव्या खात. तिच्यामागे घर एकदम थांबल्यासारखं झालं. मला तिची फार आठवण येते, आणि गंमत म्हणजे ती येते ती ओट्यापाशी.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, गेलेल्या माणसासाठीच्या वंदनेला, आम्ही सगळे परतूरला जमलो. कार्यक्रम झाल्यावर आत्याच्या सुनेनं ती पडद्याची पिशवी आणून आमच्या मध्ये ठेवली. आत एक नवं पुस्तक होतं, पोरांसाठी घेतलेलं. डोकं वेगळं शिवलेलं, पोट वेगळं शिवलेलं, दोन्हींना कॅलेंडरची कव्हरं. शेपटाची पानं सुटीच होती आणि पहिल्या टाक्यात सुई तशीच खोचलेली. सून म्हणाली, "आडव्या पडून करून राह्यल्या व्हत्या. म्या म्हणलं, राहू द्या आता. तर म्हणल्या, दोरा घालून दे, जल्दी."

माझा नवरा हळूच म्हणाला, आता तरी हे एकत्र शिवून टाकावं, निदान आठवण म्हणून. मोठ्या बाबांनी पानं मांडीवर घट्ट धरली आणि दादांनी शेपूट शिवलं. टाके वाकडे आले. आत्यानं पाहिले असते तर उसवून पुन्हा घालायला लावले असते. शेपूट परतूरलाच ठेवलं, डोकं मोठे बाबा घेऊन गेले, पोट आमच्याकडे आलं.

सईची परीक्षा आहे, म्हणून तिनं अजून हात लावलेला नाही. मी वाचलं. पहिल्याच पानावर एक मुलगी पत्र्याच्या छपरावर उभी आहे आणि शिडी कुणीतरी काढून नेली आहे. ती वर कशासाठी चढली ते भोकरदनला आहे. खाली कशी उतरणार ते परतूरला. दोन दिवस झाले, माझं कामात लक्ष नाही. संजू फोनवर म्हणतो, शिडी तिच्या भावानंच नेली. त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

आज शनिवार. पिशवी खांद्याला लावून मी ओट्याशी चहा पीत होते. सई वहीतून मान वर करून म्हणाली, "आई, बस ना जरा."

"गाडी जाईल माझी," मी म्हटलं. गाडीला अजून भरपूर वेळ होता.